हद्दीचे दगड आणि पोर्टचा पेला

आमच्या गोव्यात पोर्ट वाईन म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. नाताळात ती असते, लग्नात असते, आणि परत निघालेल्या पर्यटकाच्या पिशवीत तर हमखास असते. मात्र हे नाव ज्या पोर्तो शहराचे, त्याच्या मागे पसरलेल्या दोरू नदीच्या खोऱ्याची हकिकत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. ती सांगू लागले की गोवा आपसूक मध्ये येतोच.

१७०३ साली इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथ्युएन तह झाला. त्यानुसार पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात ठरली. इंग्रजांची मागणी वाढली, आणि मागणीमागून भेसळ आली. वाटेल तिथली द्राक्षे घ्यायची, रंग कमी पडला तर एका झुडपाची काळी फळे त्यात घालायची, असा प्रकार सुरू झाला. नाव बदनाम झाले, भाव कोसळले. तेव्हा राज्यकारभाराची सूत्रे सेबास्तियांव जोझे द कार्व्हाल्यु या मंत्र्याच्या हाती होती. इतिहास त्याला त्याच्या पुढच्या पदवीने, पोंबाल म्हणून, ओळखतो. १० सप्टेंबर १७५६ रोजी त्याने दोरूच्या वाईनसाठी कंपनी स्थापन केली, खोऱ्याची हद्द आखली आणि १७५८ ते १७६१ या काळात त्या हद्दीवर ग्रॅनाइटचे ३३५ खांब रोवले. रंग देणारी ती झुडपे उपटून टाकण्याचा हुकूमही निघाला. इटलीतील चियांतीची हद्दबंदी १७१६ ची, म्हणजे याहून जुनी; परंतु पिकापासून विक्रीपर्यंत सरकारी नियंत्रण बसवले ते इथे.

जन्म फाइलींत गेलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला या दगडांचे भारी अप्रूप! लिस्बनला स्थायिक झालेल्या मावसभावाकडे गेलो होतो, तेव्हा सप्टेंबरअखेरीस पोर्तोहून आगगाडीने पिन्यांवला गेलो. रूळ बराच वेळ नदीला खेटून जातात. दोन्ही तीरांवर पाटीच्या दगडासारख्या खडकात कोरलेल्या पायऱ्या, आणि पायरी पायरीवर द्राक्षवेली. पिन्यांवच्या स्थानकावर निळ्या फरशांत द्राक्षतोडणीची चित्रे आहेत. पणजीच्या जुन्या घरांवरील आझुलेजु पाहिलेल्या डोळ्यांना ती परकी वाटत नाहीत.

एका किंतात, म्हणजे मळ्यात, तीन पेले समोर आले. पहिली पांढरी पोर्ट, थंडगार. संत्र्याच्या सालीचा वास आणि मागे किंचित कडवटपणा. दुसरी रूबी, गडद लाल, पिकलेल्या जांभळासारखी, गोड खरी पण जिभेला तुरट पकडणारी. तिसरी दहा वर्षांची टॉनी. लाकडी पिंपात राहून तिचा लाल रंग विटकरी होतो. तिच्यात सुके अंजीर, अक्रोड, आणि शेवटी थेट आपल्या दोदोलातल्या माडाच्या गुळाची चव! रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षाचा कडक अर्क ओततात. आंबणे थांबते, साखर उरते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्याकडच्या स्वस्त पोर्टमध्ये गोडवा असतो. तो तुरटपणा आणि घशात रेंगाळणारी चव नसते.

पण या गोडव्यामागे रक्तही आहे. कंपनीच्या मक्तेदारीने पोर्तोतल्या गुत्तेवाल्यांचे पोट मारले. २३ फेब्रुवारी १७५७ ला तिथे दंगल उसळली आणि पोंबालने कित्येकांना फासावर चढवले. पिन्यांवच्या अलीकडे पलीकडच्या तीराने ताव्होरा नावाची नदी दोरूला मिळते. त्या नावाच्या घराण्यातला मार्केस १७५० ते १७५४ या काळात गोव्याचा व्हाइसरॉय होता. राजावरील हल्ल्याच्या आरोपाखाली पोंबालने १३ जानेवारी १७५९ रोजी लिस्बनमध्ये त्याला पत्नी व मुलांसह ठार केले. त्याच वर्षी जेझुइटांना गोव्यासह सर्व पोर्तुगीज मुलखातून हद्दपार केले. १५६० पासून चाललेले गोव्याचे इन्क्विझिशन १७७४ मध्ये बंद झाले, तेही त्याच्याच काळात. तो सत्तेवरून गेल्यावर ते पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. एकाच हाताने गोव्यावरचा जाच उठवला आणि पोर्तोत फास आवळला. अशा माणसाला देव म्हणावे की दैत्य? मला वाटते, दोन्ही खाती वेगवेगळी लिहावीत. एकातून दुसरे वजा करू नये.

आता आपले पाहा. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. त्याची फेणी मात्र गोव्याची. दोरूत अजून काही ठिकाणी दगडी हौदात द्राक्षे पायांनी तुडवतात. आपल्याकडे बोंडू असेच तुडवून निरो काढायचे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशक मिळाला, २०१६ मध्ये वारसा पेयाचा दर्जाही मिळाला. आणि तरीही सणाला आपण कौतुकाने ओततो ती परक्या नावाची बाटली, जिच्यात पोर्तोचे काही नाही आणि द्राक्षे गोव्याची नाहीत!

पोर्ट पिऊ नये असे मी म्हणत नाही. परंतु नावाला किंमत येते ती हद्द राखल्यावर, हे दोरूच्या खांबांनी दाखवले. ती हद्द राखताना गरिबाचे पोट मारले तर काय होते, हे १७५७ ने दाखवले. फेणीच्या नावाची हद्द राखायची, तर भट्टीवाला त्या हद्दीच्या आत असला पाहिजे.