भाड्याची सायकल, एक पियानो आणि हजार पौंड

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती इंग्लंडमध्ये एका हॉस्पिटलात नर्स आहे. "अरे, तू सायकलींवर पीएचडी करतोयस ना? मग सांग, हजार पौंडांत कुठली रोड बाईक घेऊ? हॉस्पिटलच्या स्कीममधून घ्यायचीय. तीस-चाळीस टक्के वाचतात म्हणे."

माझा विषय सायकल नाही, हे घरी सांगून मी थकलो आहे. एमएस्सी मी मटेरियल सायन्समध्ये केलं आणि नंतर इतिहासाकडे वळलो. माझा विषय आहे हप्ते: एकरकमी पैसे नसलेल्या माणसाच्या हातात एखादी वस्तू कशी पोचते आणि ती त्याची नेमकी कधी होते. पण ताईचा प्रश्न ऐकून वाटलं, हा तर माझाच विषय आहे. म्हणून हा लेख. रोड बाईक कुठली घ्यावी हेही पुढे येईल, पण थोडं वळण घेऊन.

ब्रिटनमधल्या या योजनेचं नाव 'सायकल टू वर्क'. 1999 च्या फायनान्स ॲक्टमध्ये तिचा उगम आहे. मालकाने नोकराला कामावर ये-जा करण्यासाठी सायकल आणि सुरक्षेचं सामान वापरायला दिलं, तर त्या लाभावर कर लागणार नाही, एवढंच तिथे म्हटलंय. अट अशी की सायकल प्रामुख्याने कामाच्या प्रवासासाठी वापरायची, आणि सोय फक्त साहेबांसाठी न ठेवता सगळ्या नोकरांना खुली ठेवायची. प्रत्यक्षात होतं असं: मालक सायकल विकत घेतो, तुम्हाला भाड्याने देतो, आणि भाडं तुमच्या पगारातून कर कापण्याआधीच वळतं होतं. याला तिथे सॅलरी सॅक्रिफाइस म्हणतात. म्हणजे पगाराचा तेवढा भाग तुम्ही कागदोपत्री सोडून देता, आणि न मिळालेल्या पगारावर कर लागत नाही.

'भाड्याने' हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडे भाड्याची सायकल म्हटलं की तासावर मिळणारी, एक ब्रेक लागणारी आणि एक न लागणारी सायकल आठवते. तिथे मात्र दुकानातली कोरी करकरीत सायकल तुम्ही स्वतः पसंत करून आणता, वर्षभर हप्ते भरता, आणि तरीही ती भाड्याचीच असते.

ताईसाठी मी हिशेब मांडला. सायकल 1000 पौंडांची, मुदत 12 महिने. महिन्याला 83 पौंड 33 पेन्स पगारातून जाणार. ताईच्या पगारावर 20 टक्के आयकर आणि 8 टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे 28 टक्के वाचले. हातात येणारा पगार महिन्याला 60 पौंडांनी कमी होणार आणि वर्षाचे 720 होणार. इथे बहुतेक लोक गणित थांबवतात. पण वर्ष संपल्यावर सायकल तुमची झालेली नसते. ती नावावर हवी तर बाजारभावाने घ्यावी लागते, आणि बाजारभाव किती धरायचा याचा तक्ता ब्रिटनच्या कर खात्याने 2010 मध्ये काढला. मूळ किंमत 500 पौंड किंवा जास्त असेल तर एका वर्षानंतर 25 टक्के, चार वर्षांनंतर 7 टक्के. म्हणजे वर्षाअखेरीस ताईला आणखी 250 पौंड मोजावे लागतील. एकूण 970, वाचले फक्त 30! म्हणून योजना चालवणाऱ्या कंपन्यांनी पळवाट काढली. 7 टक्के अनामत भरा, आणखी तीन वर्षं सायकल 'भाड्याने' ठेवा, मग ती तुमची. आता एकूण 790. बचत 21 टक्के, 28 नाही. ताईच्या हॉस्पिटलातल्या एखाद्या बड्या डॉक्टरला, म्हणजे 40 टक्के कर भरणाऱ्याला, तीच सायकल 650 ला पडते. ज्याचा पगार मोठा त्याला सायकल स्वस्त, हे या योजनेच्या पोटातच आहे. (2011 पर्यंत मालकाला व्हॅटही वाचवता यायचा. युरोपीय न्यायालयाच्या एका निकालानंतर जानेवारी 2012 पासून तेही गेलं.)

मग सरळ हप्त्याने विकत का नाही देत? भाड्याचं हे सोंग कशाला? त्यासाठी 1895 मधल्या एका पियानोपाशी जावं लागतं.

हेल्बी नावाच्या व्यापाऱ्याने ब्रूस्टर नावाच्या माणसाला एक पियानो दिला. करार भाड्याचा: महिन्याला 10 शिलिंग 6 पेन्स, 36 महिने. सगळे हप्ते भरले की पियानो ब्रूस्टरचा. मध्येच नको वाटला तर परत करण्याची मुभा. ब्रूस्टरने काही महिन्यांतच पियानो मॅथ्यूज नावाच्या सावकाराकडे गहाण टाकला. हेल्बी म्हणाला, पियानो माझा आहे, परत द्या. सावकार म्हणाला, ब्रूस्टरने तो विकत घ्यायचं कबूल केलं होतं आणि मी प्रामाणिकपणे गहाण घेतला, तेव्हा माझा हक्क आधी. प्रकरण थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. निकाल असा लागला: ब्रूस्टरला पियानो परत करण्याची मोकळीक होती, म्हणजे विकत घेण्याचं बंधन त्याच्यावर नव्हतं. तो ग्राहक नव्हे, भाडेकरू. पियानो हेल्बीचाच.

निकाल वाचताना क्षुल्लक वाटतो. परिणाम मोठा झाला. उधारीवर माल देणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला कळलं की करार भाड्याचा केला आणि वस्तू परत करण्याची मोकळीक ठेवली की शेवटचा हप्ता येईपर्यंत वस्तू आपली राहते. इंग्लंडात हप्त्याच्या खरेदीला 'हायर पर्चेस' म्हणतात, त्या नावातलं 'हायर' पक्कं झालं ते इथे. शिवणयंत्रं, फर्निचर, सायकली, सगळं या रस्त्याने कामगारांच्या घरात शिरलं. आणि त्याच रस्त्याने बाहेरही पडलं. पंधरा-वीस हप्ते भरलेल्या कुटुंबाने दोन चुकवले की दुकानदाराची माणसं येऊन वस्तू उचलून न्यायची, भरलेले पैसे बुडाले. 1930 च्या दशकातल्या मंदीत हे इतकं माजलं की जॅरो या बेकारीने पोखरलेल्या गावाच्या खासदार एलन विल्किन्सन यांनी खासगी विधेयक आणलं आणि 1938 चा हायर पर्चेस ॲक्ट झाला. एक तृतीयांश किंमत भरून झाली असेल, तर कोर्टाच्या हुकुमाशिवाय वस्तू उचलता येणार नाही. कायद्याची मर्यादा साधारण वस्तूंना 100 पौंड, मोटारीला 50, आणि गुराढोरांना 500. मोटारीपेक्षा गाय-बैलांना जास्त, कारण हे संरक्षण मोटारवाल्यांसाठी नव्हतंच.

या धाग्यातून पुढे 1974 चा कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट आला. त्याने नुसते भाडेकरारही कक्षेत घेतले: लोकांना वस्तू भाड्याने द्यायच्या असतील तर परवाना घ्या. आता गंमत बघा. सायकल योजनेत मालकच भाडं घेणारा झाला, म्हणजे परवाना त्यालाही लागणार. शाळा, हॉस्पिटलं, कारखाने यांनी सायकलींसाठी सावकारीचा परवाना कुठे काढत बसायचं? म्हणून सरकारी यंत्रणेने सगळ्यांसाठी एक सामुदायिक परवाना दिला आणि त्यावर मर्यादा घातली: व्हॅटसकट 1000 पौंड.

ज्या हजार पौंडांत ताईला सायकल हवी होती, तो आकडा इथून आलेला आहे. करकायद्यात किमतीची मर्यादा कधी नव्हतीच. कर्जदाराला संरक्षण देणाऱ्या कायद्याची ती कड होती. पण कड एकदा आखली की बाजार तिच्यावर येऊन बसतो. ब्रिटनमध्ये 999 पौंडांच्या रोड बाईकचा एक वर्गच तयार झाला. सायकल-मासिकांत 'हजाराच्या आतल्या रोड बाईक' ही ठरलेली तुलना झाली. हेल्मेट, दिवे, कुलूप हे सगळंही त्याच हजारात बसवायचं होतं. म्हणजे 999 ची सायकल घेतली तर कुलपाला एक पौंड उरला!

माझं मत असं की या कडेने सायकलीची रचनाही थोडी वाकवली. हजारात बसवायची तर दिसेल तिथे पैसा घालायचा. शिमानोच्या गियरची उतरंड दुकानातला पोरगाही पाठ म्हणून दाखवतो: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, आणि वर 105. फलकावर '105' लिहिता आलं तर सायकल खपते, मग चाकं, टायर, ब्रेक यांत काटकसर होते. आणि मडगार्ड बसवायची भोकं? ती शर्यतीच्या रूपाला शोभत नाहीत, म्हणून गायब. कायदा म्हणतो कामावर जायला सायकल घ्या, आणि लोक घेत होते ती रविवारच्या चकरेची. इंग्लंडच्या पावसात मडगार्ड नसलेली सायकल म्हणजे पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन वॉर्डात शिरणं.

2019 च्या जूनमध्ये सरकारने मार्गदर्शिका बदलली. आर्थिक नियामकाची मान्यता असलेल्या कंपनीने योजना चालवली तर हजाराची कड लागू नाही. कारण सांगितलं गेलं ते ई-बाईकचं आणि अपंगांसाठीच्या खास सायकलींचं, आणि ते खरंही आहे. तरी कित्येक मालक आपली जुनी मर्यादा ठेवून आहेत. ताईच्या हॉस्पिटलाचीही तीच.

तर ताईला मी काय सांगितलं? आधी मडगार्डची आणि मागच्या कॅरिअरची भोकं बघ. मग टायरला जागा बघ, 28 किंवा 32 मिलिमीटरचा मावला पाहिजे. फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर नाक मुरडू नको. वजनाच्या मानाने ताठपणा बघितला तर स्टील आणि ॲल्युमिनियम जवळजवळ सारखेच, म्हणून ॲल्युमिनियमच्या नळ्या जाड करून तो मिळवतात. मटेरियल सायन्स एवढंच कामी आलं. गियर सोराचे पुरेत. 105 चे पैसे चांगल्या कुलपात घाल. कागदावर पगार कमी होतो, तेव्हा पेन्शन आणि बाळंतपणाच्या रजेचा पगार यांचा हिशेब मनुष्यबळ विभागाला विचारून घे. आणि सेल बघ. दुकानाला योजनेच्या कंपनीला कमिशन द्यावं लागतं, म्हणून काही दुकानं सेलमधल्या मालावर योजना लावत नाहीत. मागच्या वर्षीचं हजाराचं मॉडेल रोख साडेसातशेला मिळालं तर ते 790 पेक्षा स्वस्त, आणि पहिल्या दिवसापासून तुझं.

ताई म्हणाली, "आणि आमच्या वॉर्डची सफाईवाली? ती रोज पहाटे सायकलीवरच येते. तिने फॉर्म भरला तर नाही म्हणाले."

ब्रिटनमध्ये किमान वेतनाचा कायदा लागू झाला 1 एप्रिल 1999 ला, ताशी 3 पौंड 60 पेन्स. सायकलीची करसवलत लागू झाली त्याच महिन्यात सुरू होणाऱ्या करवर्षापासून, म्हणजे 6 एप्रिलपासून. अंतर पाच दिवसांचं. आणि नियम असा की सॅलरी सॅक्रिफाइसने रोख पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. नियम चांगलाच आहे. त्याने मालकाला पगार बुडवता येत नाही. पण किमान वेतनावर किंवा त्याच्या जरा वर असणाऱ्या माणसासाठी योजनेचं दार त्यामुळेच बंद होतं. स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही ती नाही, कारण त्याला मालकच नाही. करमुक्त विद्यावेतनावर जगणाऱ्या पीएचडीवाल्यालाही नाही. माझं सोडा. पण 1938 मध्ये कायदा ज्यांच्या घरातलं सामान वाचवायला उभा राहिला, त्याच थरातली बाई आज या दाराबाहेर आहे, आणि दोन्हीकडचे नियम तिच्या भल्यासाठीच लिहिलेले आहेत. मी प्रबंधाच्या या प्रकरणाशी अजून झगडतोय.

आपल्याकडे सरकारी नोकरांना सायकल ॲडव्हान्स असायचा. त्यात करसवलतीची भानगड नव्हती. पैसे आधी हातात, मग पगारातून हप्ते, आणि सायकल दुकानातून निघाली तीच तुमची होऊन. उलट कमी पगारवाल्यालाच त्याचा जास्त उपयोग. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने तो बंद केला.

ताईने शेवटी योजनाच घेतली. सेलमधली सायकल 760 ला दिसत होती, पण एका महिन्यात 760 काढणं तिला जड होतं आणि महिन्याला 60 जड नव्हते. करारावर सही करून तिने मला फोटो पाठवला. सायकल निळी आहे, मडगार्ड लागलेत. खाली विचारलं होतं, "यात मालक म्हणून हॉस्पिटलचं नाव का आहे?"