शिक्षा, गुन्हेगारी आणि आमचा सीमाभाग

पांढुर्णा आणि सौंसर या आमच्या दोन्ही तालुक्यांत 'शिक्षा विभाग' अशी पाटी ठिकठिकाणी दिसते. हिंदीत शिक्षा म्हणजे विद्या; आमच्या घरात शिक्षा म्हणजे दंड किंवा कैद. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ शिकवण असाच आहे. या शब्दाच्या निमित्ताने आम्ही आज एका जुन्या प्रश्नाकडे वळतो. राज्यसंस्था कोणत्या कृत्याला गुन्हा म्हणते आणि त्यासाठी कोणाला बंदिवासात टाकते, हे कशावरून ठरते? ते केवळ नीतीवरून ठरत नाही, असे आमच्याच प्रदेशाचा इतिहास सांगतो.

आरंभ 'गुन्हेगारी' या शब्दापासूनच करू. आज त्याचा अर्थ गुन्ह्यांचे प्रमाण किंवा प्रवृत्ती असा होतो. मराठेशाहीच्या कागदपत्रांत मात्र गुन्हेगारी म्हणजे दोषी ठरलेल्या पक्षाकडून सरकारने घेतलेली रक्कम. वाद जिंकणाराही सुटत नसे. त्याच्याकडून 'हरकी' घेतली जाई. न्यायदान हे राज्याच्या उत्पन्नाचेही एक साधन होते. कैदेत ठेवलेल्या माणसाला अन्न द्यावे लागते, पहारा ठेवावा लागतो. दंड मात्र खजिन्यात भर घालतो. म्हणून किल्ल्यावरील कैद होती, पण दंडाचे स्थान मोठे होते. 'तुरुंग' हा शब्दसुद्धा आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी, 1 जानेवारी 1862 पासून, भारतीय दंड संहिता लागू झाली. परंतु आमच्या भागातील गरीब माणसाला या संहितेपेक्षा अधिक ग्रासले ते दुसऱ्या दोन कायद्यांनी. रेल्वेच्या स्लीपरांसाठी सरकारला लाकूड हवे होते. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलात गुरे चारणे, गवत कापणे, सरपण आणणे हे गुन्हे ठरवले. 1927 च्या वन कायद्यात अशा कृत्यांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद होती. अबकारीचे उत्पन्नही सरकारला हवे होते. 1915 च्या मध्य प्रांत अबकारी कायद्याने परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा राहिला. मोहाची दारू गोंड आणि कोरकू समाजांच्या देवकार्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. माणसे तीच होती, कृत्येही तीच होती. बदलली ती खजिन्याची गरज.

म्हणूनच 1930 मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या या प्रांतात मिठाऐवजी जंगल हाच सत्याग्रहाचा विषय झाला. शेजारच्या वऱ्हाडात पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. बैतुल जिल्ह्यात घोडाडोंगरी येथे आदिवासी उठले, तर सिवनी जिल्ह्यात तुरिया येथे पोलिसांनी गोळीबार केला. गवताची पेंढी कापून माणसे तुरुंगात गेली.

हा अनुभव आमच्यापुरता मर्यादित नाही. गेऑर्ग रुशे आणि ओटो किर्खहाइमर या जर्मन अभ्यासकांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात युरोपच्या इतिहासावरून हेच मांडले. मजुरांची टंचाई असेल तेव्हा राज्य कैद्याला मारत नाही, त्याला राबवते. गलबतांवर वल्ही मारायला लावते, श्रमगृहात कोंडते. मजूर मुबलक झाले की त्याच्या जिवाची किंमत उतरते. शिक्षेचे स्वरूप बाजाराबरोबर बदलते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आमच्या मोहाचे उदाहरण त्यास पुष्टी देते. ज्या मोहाच्या दारूसाठी शतकभर खटले झाले, तीच 2021 मध्ये मध्य प्रदेश शासनाने 'हेरिटेज' दारू म्हणून विकण्याची घोषणा केली.

आता राजकीय सीमेकडे पाहू. 9 जानेवारी 1936 रोजी नागपूर येथे उच्च न्यायालय सुरू झाले. आमच्या माणसाची दाद मराठी मुलखात लागत असे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचे तालुके छिंदवाड्यासह मध्य प्रदेशात राहिले आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. आमची सोयरिक मात्र वरुड, नरखेड आणि काटोलकडेच राहिली.

याचा फटका जामिनाच्या वेळी बसतो. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेला मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला प्रत्येक सीमावासीयाने जाणून घ्यावा. मोतीराम हा गवंडी. दंडाधिकाऱ्याने त्याच्याकडे 10,000 रुपयांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाची जमानत नाकारली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा आग्रह फेटाळला, रक्कम 1,000 रुपयांवर आणली, आणि परप्रांतात पकडलेल्या परभाषक माणसाने तिथले जामीनदार कोठून आणावेत, असा प्रश्न विचारला. तो प्रश्न आमचाच आहे.

निकाल होऊन दशके लोटली, तरी 2022 च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांतील 5,73,220 बंदिवानांपैकी 4,34,302, म्हणजे शंभरात सुमारे 76, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. ज्याच्याकडे पैसा आणि जामीनदार आहे तो बाहेर पडतो; ज्याच्याकडे नाही तो आत राहतो. हरकी आणि गुन्हेगारी गेली, पण पैशाची चाळणी राहिली.

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, याचा आम्हांस आनंद आहे. नव्या जिल्ह्याकडे आमचे मागणे मोठे नाही. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजावून सांगावी, हे कायद्यातच आहे. गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 ने दिला आहे. ही दोन वचने मराठीत पाळली जावीत, आणि नरखेडच्या मामाची जमानत केवळ तो सीमेपलीकडचा म्हणून परत फिरवली जाऊ नये. शिक्षा या शब्दाचा जुना अर्थ शिकवण. ती शिकवण आधी न्याय देणाऱ्यांनी घ्यावी.