टॅबलेट की कॉम्प्युटर? आधी मोजलंय काय ते बघा

मागच्या आठवड्यात एका ज्युनियरने विषय आणला : 'धाराशिव जिल्ह्यातील करमणूक : टॅबलेट विरुद्ध कॉम्प्युटर, २०१० नंतर'. विषय मला आवडला. आकडे कुठून घेणार, असं विचारलं तर म्हणाला, "सरकारी सर्वे आहेत की, दादा."

आहेत, पण उघडून बघा. २०११ च्या जनगणनेत घरातल्या वस्तूंमध्ये 'कॉम्प्युटर/लॅपटॉप' आहे. देशातल्या ९.५ टक्के घरांत तो होता, इंटरनेटसह फक्त ३.१ टक्के घरांत. टॅबलेटचा रकानाच नाही. असणार कसा? घरयादीचं काम २०१० मध्ये झालं आणि पहिला आयपॅड अमेरिकेत विक्रीला आला तोच एप्रिल २०१० मध्ये. (जुन्या तक्त्यांत जिल्हा 'उस्मानाबाद' नावाने शोधा, नाहीतर सापडणार नाही.)

पुढे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी, जुलै २०१७ ते जून २०१८. देशात ग्रामीण ४.४ टक्के आणि शहरी २३.४ टक्के घरांत कॉम्प्युटर. इथे व्याख्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका : डेस्कटॉप, लॅपटॉप, टॅबलेट, सगळं 'कॉम्प्युटर'मध्येच धरलंय. स्मार्टफोन मात्र वगळलाय. म्हणजे ज्या दोघांची तुलना करायची ते एकाच पोत्यात, आणि ज्याने दोघांनाही खाल्लं तो पोत्याबाहेर! शिवाय वस्तू घरात आहे एवढंच कळतं. तिच्यावर गाणी ऐकली की हिशेब केला, ते नाही.

आमच्याकडे तर कॉम्प्युटर घरात नव्हताच, तो क्लासला होता. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स २००१ पासूनचा. दहावीच्या सुट्टीत आम्हीही लावला. सर बाहेर गेले की सॉलिटेअर, नाहीतर पेंटमध्ये रेघोट्या. लाईट गेली की बॅच बुडाली. ही करमणूक घरातल्या वस्तू मोजून कशी दिसणार?

टॅबलेट आला तो अभ्यासाच्या नावाने. ५ ऑक्टोबर २०११ ला कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' आणला : सात इंची, २५६ एमबी रॅम, स्वस्त. चुलतभावाने नंतर घेतलेला टॅब दुसराच, पण तसलाच स्वस्तातला. अभ्यास किती झाला ते तोच जाणे. लोडशेडिंगमध्ये बॅटरी चालायची, म्हणून आजी त्यावर कीर्तनं बघायची, मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून आणलेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मग कार्डही गेलं आणि टॅबही.

मग पुरावा कुठे? सायबर कॅफेच्या नोंदवह्या आठवल्या, पण २०११ च्या नियमांत त्या किमान एकच वर्ष ठेवायच्या होत्या. बहुतेक रद्दीत गेल्या असणार.

ज्युनियर आता कळंबमध्ये मेमरी कार्ड भरून देणारे दुकानदार शोधतोय. शीर्षकातलं 'विरुद्ध' त्याने काढून टाकलंय.