अभ्यास कसा करावा? : भिक्खुसंघापासून डबक चाळीपर्यंतचा आपला वारसा

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी शिक्षणावर काहीतरी लिहा, असे कार्यकर्त्यांनी आम्हाला सांगितले. शिक्षणावर आपल्या समाजात भाषणे पुष्कळ होतात. 'शिका' हा शब्द तर वस्तीतल्या प्रत्येक भिंतीवर आहे. पण शिकायचे म्हणजे नेमके करायचे काय, पुस्तक उघडल्यावर पोराने पुढे काय करावे, हे आपण पोरांना फारसे सांगत नाही. आम्ही काही मास्तर नाही. आमचे शिक्षण गिरणीच्या खात्यात, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात वाचून झालेले. तरीही लिहायला बसलो, कारण या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडलेली आहे. ती कबूल केल्याशिवाय पुढचे लिहिणे बरे नाही.

वीसेक वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या निमित्ताने आम्ही विहारात सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घेतला. परमपूज्य बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, तेव्हा आपली पोरेही बसली पाहिजेत, एवढाच आमचा विचार. पोरे बसली. आम्ही दारात खुर्ची टाकून पहारा केला. एक मुलगा शेवटपर्यंत उठला नाही, त्याचा आम्ही सत्कार केला. पुढल्या वर्षी तो दहावीला. रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत विहारात बसायचा, सकाळी शाळेत पेंगायचा. आम्ही त्याचे उदाहरण इतरांना द्यायचो. निकाल लागला तेव्हा गणित आणि इंग्रजी दोन्ही गेले. पोराने शाळा सोडली ती सोडलीच. त्याची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, तुम्ही तास मोजले. त्याला काय येतंय, ते कुणी विचारलंच नाही."

त्या माउलीच्या बोलण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मग आम्ही बाबासाहेबांची चरित्रे पुन्हा हातात घेतली. या वेळी तास मोजायला नव्हे, तर त्या तासांत ते काय करीत होते हे बघायला.

डबक चाळीतल्या दोन पाळ्या

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले. हा दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे सुभेदार रामजी कुटुंब घेऊन मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत राहिले. एकच खोली. त्यातच चूल, त्यातच भांडीकुंडी, त्यातच सगळ्यांची निजानीज. आपल्यापैकी ज्यांचे बालपण दहा बाय दहात गेले त्यांना ही खोली वेगळी सांगायला नको.

सुभेदारांनी या अडचणीवर काढलेला उपाय आम्हा गिरणी कामगारांना लगेच समजतो. त्यांनी घरात जणू दोन पाळ्या लावल्या. भीमाला संध्याकाळी लवकर झोपवायचे आणि स्वतः जागत बसायचे. रात्री दोन वाजता मुलाला उठवायचे आणि मग आपण आडवे व्हायचे. घर झोपलेले, चाळ शांत, आणि रॉकेलच्या दिव्यावर मुलगा उजाडेपर्यंत अभ्यास करतोय. आम्ही यातला 'रात्री दोन' तेवढा उचलला. आधी झोप झालेली असायची, हे आम्ही वाचूनही वाचले नव्हते. आमचा पोरगा दोनला झोपत होता, बाबासाहेब दोनला उठत होते. केवढा फरक!

दुसरी गोष्ट. सुभेदारांनी सैन्यातल्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकी केलेली. मुलाला नुसते 'वाच' म्हणून ते थांबत नसत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून पक्की करून घेतली. मराठी शब्द द्यायचा, त्याला नेमका इंग्रजी शब्द कोणता ते मुलाने शोधून सांगायचे. म्हणजे पाठ करणे होतेच, पण पाठ केलेले रोज बाहेर काढून दाखवणेही होते. पुस्तकांसाठी त्यांनी लेकींकडे हात पसरला, वेळेला दागिना गहाण ठेवला.

संस्कृत शिकायची इच्छा असून अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुणांनी. आजच्या हिशेबाने अडतीस टक्क्यांच्या आत. तरी समाजाने सभा भरवली, सी. के. बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा गुरुजींनी आधीच हेरलेला होता. पोराचे गुण कमी पडले म्हणून घरात सुतक पाळणाऱ्या पालकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

न्यूयॉर्क आणि लंडन

१९१३ ते १९१६ बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात होते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ अशी अभ्यासक्रमांची मोठी यादी चरित्रात दिलेली आहे. पण नुसती व्याख्याने ऐकून ते थांबले नाहीत. मे १९१६ मध्ये त्यांनी मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचला. वाचलेले लिहून काढायचे, चार जाणत्यांसमोर मांडायचे, प्रश्नांना तोंड द्यायचे. अभ्यास पक्का झाला की नाही, ते तिथे कळते.

पुढे १९२० ते १९२३ लंडन. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसायचे ते बंद होईपर्यंत. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत आणि वेळही नाही. रात्री पुन्हा खोलीवर वाचन, सोबतीला भाजलेले पापड. बाहेर पडताना खिसे टिपणांच्या कागदांनी फुगलेले असत, असे चरित्रकार सांगतात. आम्हाला त्या उपासापेक्षा हे खिसे महत्त्वाचे वाटतात. वाचलेल्यातले कामाचे वेगळे काढून आपल्या हाताने लिहिलेले ते कागद. तास सगळ्यांना दिसतात, खिसे कुणी बघत नाही.

रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी पहिल्यांदा तसाच स्वीकारला नाही, पुन्हा लिहून द्या म्हणाले. एवढ्या कष्टानंतर माणूस खचला असता. बाबासाहेबांनी मुंबईला परत येऊन तो दुरुस्त केला, धाडला, आणि १९२३ मध्येच डी. एस्सी. मिळवली. परत आलेली वही फेकायची नसते, ती पुन्हा लिहायची असते.

संघाची पंधरा दिवसांची उजळणी

आता थोडे मागे, अडीच हजार वर्षे मागे जाऊ. भगवान बुद्धांच्या काळी धम्म ग्रंथात लिहून ठेवलेला नव्हता. सगळा उपदेश तोंडपाठ. महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. महाकाश्यप स्थविर प्रश्न विचारीत गेले, उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी धम्म सांगितला. म्हणजे पहिली संगीती ही प्रश्नोत्तरांचीच बैठक होती. पुढे संघाने काम वाटून घेतले. काही भिक्खू दीघनिकाय पाठ ठेवणारे, काही मज्झिमनिकाय. त्यांना भाणक म्हणत. सिंहलद्वीपात आलुविहार येथे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात त्रिपिटक लिहून काढले गेले, तोवर शेकडो वर्षे हा ठेवा माणसांच्या ध्यानात राहिला.

कसा राहिला? एक तर मोजणीने. चार आर्यसत्ये, पंचशील, अष्टांगिक मार्ग, बारा निदाने. संख्या ध्यानात असली की काय सुटले ते लगेच कळते. अंगुत्तरनिकाय तर एकापासून अकरापर्यंत अशा संख्यांवरच रचलेला आहे. दुसरे म्हणजे एकत्र म्हणण्याने. एकजण चुकला की दुसरा सावरतो. आणि तिसरे, ठरलेल्या दिवशीच्या उजळणीने. दर पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला आणि अमावस्येला, संघ एकत्र बसून पातिमोक्खाचे पठण करी. पालि परंपरेत भिक्खूंचे हे २२७ नियम आहेत. आणि पठणाआधी ज्याच्या हातून काही दोष घडला असेल त्याने तो बोलून दाखवायचा. आधी चूक कबूल, मग उजळणी. ही प्रथा बौद्ध देशांत आजही चालू आहे.

राजा मिलिंद आणि नागसेन स्थविरांचा संवाद तर सगळा प्रश्नोत्तरांचाच. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचाही मान त्यात आहे. आपल्या घरात मात्र पोराने दोनदा 'का' विचारले की आपण म्हणतो, "गप बस, वाच."

शास्त्रही तेच सांगते

जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या संशोधकाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले सर्वात जास्त विसरते ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत. पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्री उपयोगाची नाही, ती लगेच सुरू व्हावी आणि मग अंतराअंतराने व्हावी. २००६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींनी तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तर वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त ध्यानात होते. आमच्या त्या मुलाचे असेच झाले असणार. धडा पुन्हा पुन्हा वाचला की तो ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे, अशी आपली समजूत होते. पेपरात मात्र पुस्तक समोर नसते. झोपेचेही तसेच. दिवसभर शिकलेले झोपेत पक्के होते, हे आता संशोधनाने दाखवलेले आहे. झोप मोडून केलेला अभ्यास हा भोक पडलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखा.

आपल्या विहारात काय करता येईल?

म्हणून आम्ही पालकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे काही गोष्टी नम्रपणे ठेवतो.

एक. धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहा. मग पुस्तक उघडून काय सुटले ते बघा. सुटले तेच पुन्हा वाचा.

दोन. आज शिकलेले आज रात्री एकदा, तीन दिवसांनी एकदा, आठवड्याने एकदा आणि महिन्याने एकदा, दर वेळी पुस्तक मिटूनच आठवा.

तीन. एक चुकांची वही ठेवा. चुकलेले गणित, चुकलेला शब्द त्यात जाईल. कुणी हसायचे नाही. संघात दोष सांगणाऱ्याला कुणी हसत नसे.

चार. आईने रोज पंधरा मिनिटे मुलाकडून धडा ऐकावा. वाचता येत नसले तरी चालते. पोरगं कुठं अडखळतं ते आईला बरोबर कळतं. "म्हणजे काय रे? मला नीट समजव," एवढे विचारले तरी पुरे. जे आईला समजावता आले ते पोराला समजले.

पाच. दर पौर्णिमेला आणि अमावस्येला वंदना झाल्यावर विहारात एक तास उजळणीचा. मोठ्या वर्गातल्याने लहानाला विचारायचे, लहानाने मोठ्याला. दप्तर बंद.

सहा. रात्री मोठा आवाज करणारा टीव्ही आणि हातातला मोबाइल यांना परीक्षेपुरती तरी सुट्टी द्या. सुभेदारांनी मुलासाठी स्वतःची झोप दिली, आपण एवढे देऊ शकतो.

भीमजयंतीचा अठरा तासांचा उपक्रम बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. त्यातून बाबासाहेबांच्या कष्टांची आठवण राहते. पण तो वर्षातला एक दिवस आहे, आणि अभ्यास उरलेल्या ३६४ दिवसांचा आहे.

शाळा सोडलेल्या त्या मुलाची मुलगी यंदा आपल्या अभ्यासिकेत यायला लागली. तिला सोडायला तो स्वतः आला होता. नमस्कार-चमत्कार झाले, जयभीम झाला. मग त्याने हळूच विचारले, "काका, हिला किती तास बसवणार?" आम्ही त्याला सांगितले, "तास नाही मोजणार. रोज घरी जाताना तिला काय आलं ते विचारू. तूही विचार." तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी तिला न्यायला वेळेच्या आधी आला आणि दारात उभा राहून ती काय सांगते ते ऐकत राहिला.

नमो बुद्धाय! जयभीम!