दाढीचा फेस, बोअरचे पाणी आणि ब्रशची गोष्ट

दाढीचा फेस जमत नाही म्हणून दवाखान्यात कोणी येत नाही. येतात ते हनुवटीखाली पुळ्या घेऊन, मानेवर काळे डाग घेऊन, नाहीतर ‘सलूनमध्ये काहीतरी लागलं’ ही भीती मनात घेऊन. मागच्या उन्हाळ्यात गेवराईकडचा एक तरुण आला होता. पंचविशीचा, लग्न ठरलेले आणि गळ्यावर वीस-पंचवीस लाल पुळ्या. आतापर्यंत काय काय लावले असे विचारले, तर मेडिकलवरून आणलेले स्टेरॉइडचे मलम, तुरटी, खोबरेल तेल अशी यादी निघाली. दाढी कशी करता, हे मात्र त्याला कोणीच विचारले नव्हते. तो म्हणाला, "साहेब, आमच्या बोअरच्या पाण्याला फेसच येईना. मग तसंच ओढतो." निम्मे निदान तिथेच झाले.

आपल्या बीड जिल्ह्याखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांत मुरलेले पाणी वर येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. विहीर जितकी खोल आणि उन्हाळा जितका कडक, तितके हे पाणी बहुधा जड. साबण त्यात पडला की आधी या क्षारांशी जोडला जातो आणि न विरघळणारा पांढरट चोथा तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारी ती चिकट साय म्हणजे हाच चोथा. क्षार संपल्यानंतर जो साबण उरेल त्याचाच फेस होतो. म्हणून आपल्याकडे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त साबण लागतो आणि तरीही समाधान होत नाही.

पण फेस हवाच कशाला? फेसामुळे केस मऊ होतात असा बहुतेकांचा समज आहे. खरे तर केस मऊ करते ते पाणी. दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. दोन-तीन मिनिटे ओला राहिला की तो पाणी पितो, फुगतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. फेस हे पाणी केसाभोवती धरून ठेवतो आणि पाते घसरायला मदत करतो. कोरडे ओढले की पाते केस कापण्याआधी त्याला खेचते. तुटलेले टोक कातडीखाली वळून रुतते, आणि वरून त्वचा खरवडलेली असतेच. तिथे जंतू शिरले की पुळी.

ही गोष्ट आपल्या जुन्या न्हाव्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होती. संत सेना महाराजांच्या नावावर असलेला हजामतीचा अभंग आपण कीर्तनात ऐकतो. त्यात आरसा आहे, चिमटा आहे, डोक्यावर घोळायचे पाणी आहे. साबण मात्र कुठेच नाही. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला गावचा न्हावी धोकटी घेऊन घरोघर फिरे. धोकटीत वस्तरा, तो परजायचा चामोटा, नराणी, कात्री आणि पाण्याची लहानशी वाटी. वाटीतल्या पाण्यात बोटे बुडवून तो गाल बराच वेळ चोळत बसे. गिऱ्हाईकाला ती चंपी वाटे, पण केसांना पाणी प्यायला लागणारी दोन-तीन मिनिटे त्यातच भरून निघत. मोबदला रोख नव्हता, सुगीत धान्याच्या रूपाने मिळणारे बलुते होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात या बलुतेदारीचे बारकाईने वर्णन आहे. न्हावी तुंबडी लावून रक्तही काढत असे. आज ‘तुंबडी भरणे’ आपण वेगळ्याच अर्थाने वापरतो. युरोपातही हेच होते. लंडनमध्ये १५४० पासून १७४५ पर्यंत न्हावी आणि शस्त्रवैद्य एकाच संघात होते, त्यामुळे आम्हा डॉक्टरांना या व्यवसायाकडे वरून पाहण्याचा अधिकार नाही.

मात्र त्या वाटीतले पाणी सगळ्यांसाठी नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्याच्या बालपणाबद्दल लिहिले आहे. गावात न्हावी होते, त्यांना द्यायला घरात पैसेही होते, पण अस्पृश्याची हजामत करायला एकही तयार नव्हता. शेवटी थोरल्या बहिणीने सराव करून ते काम शिकून घेतले आणि तीच घरात केस कापू लागली. मराठवाड्यातल्या गावांची गोष्ट वेगळी नव्हती. राज्यघटनेने १९५० मध्ये अस्पृश्यता संपवली आणि १९५५ च्या कायद्याने अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. तरीही माझ्याकडे येणारे काही वयस्क रुग्ण आजही सांगतात की पहिली दाढी बापाने केली, न्हाव्याने नाही. कारण विचारावे लागत नाही.

साबण आणि घरची दाढी या दोन्ही गोष्टी बऱ्याच उशिरा आल्या. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेटने बदलत्या पात्याचा सेफ्टी रेझर १९०३ मध्ये विकायला काढला. त्यामुळे वस्तरा परजण्याचे कसब नसलेल्या माणसालाही स्वतःची दाढी करता येऊ लागली. साबणाबाबत आपल्याकडे वेगळीच अडचण होती. विलायती साबणात बहुधा जनावरांची चरबी असे आणि ती तोंडाला लावायला अनेकांचे मन धजत नसे. स्वदेशीच्या दिवसांत मुंबईच्या गोदरेजने १९१८-१९ च्या सुमारास वनस्पती तेलांचा साबण काढला, तो या मनाला पटला. दाढीचा साबण पुढे घरोघर पोचला. वडिलांच्या खिडकीतला तो गोल साबण, शेजारी काठ झिजलेला ब्रश आणि स्टीलची वाटी माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना आठवत असेल.

अंघोळीचा साबण इथे का चालत नाही, हेही सांगून टाकतो. खोबरेल तेलाच्या साबणाचे बुडबुडे मोठे असतात, लगेच येतात आणि लगेच फुटतात. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त असते. ते सोडियमबरोबर पोटॅशियमच्या क्षाराने शिजवलेले असते आणि ग्लिसरीन राहू दिलेले असते. त्याचे बुडबुडे डोळ्यांना दिसू नयेत इतके बारीक होतात आणि पाच मिनिटे टिकतात.

आता ब्रशकडे येतो. या साध्या वस्तूने एके काळी माणसे मारली आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत चेहऱ्यावर किंवा मानेवर काळी खपली धरणारा फोड घेऊन सैनिक दवाखान्यात येऊ लागले. तो अँथ्रॅक्स होता. आपल्याकडे जनावरांत याला फाशी म्हणतात आणि माणसांत काळपुळी. जनावरांचा रोग सैनिकांच्या गालावर कसा आला? विषारी वायूपासून वाचायचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून दाढी नीट करणे गरजेचे झाले होते. चांगले ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे असत. युद्धामुळे त्यांचा रशियातून येणारा पुरवठा विस्कळीत झाला आणि घोड्याचे स्वस्त केस रंगवून, बॅजरसारखे दिसतील असे ब्रश बाजारात आले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. अँथ्रॅक्सचे बीजाणू कोरड्या केसात वर्षानुवर्षे जिवंत राहतात, साबणाने मरत नाहीत आणि पात्याने झालेल्या बारीक जखमेतून आत जातात. दोन्ही देशांत मिळून दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले बरेच दगावले. तेव्हा पेनिसिलीन नव्हते. ब्रिटनने १९२० मध्ये जपानी ब्रशच्या आयातीवर बंदी घातली.

घाबरू नका. आजच्या ब्रशचे केस निर्जंतुक केलेले असतात, नायलॉनच्या ब्रशला तर हा प्रश्नच नाही. ही गोष्ट सांगितली ती यासाठी की ब्रशवर सहसा कोणाचा संशय जात नाही. आपल्याकडेही तसेच झाले आहे.

भारतात १९८६ मध्ये चेन्नईत एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत भिंती, एसटी स्टँड, रेडिओ, सगळीकडे एकच सूचना होती, न्हाव्याकडे नवे ब्लेड मागा. सलूनवाल्यांनी ते खरोखर अंगी बाणवले. अख्खे ब्लेड मधोमध मोडून अर्धे पाते वस्तऱ्याच्या दांड्यात अडकवायचे आणि गिऱ्हाईकासमोर बदलायचे, हे आज परळीपासून आष्टीपर्यंत कुठेही दिसते. इतक्या कमी खर्चात इतका मोठा बदल आमच्या कोणत्याच मोहिमेने घडवला नसेल. पण पाते बदलते आणि ब्रश तोच राहतो. तुरटीचा खडाही तोच, सकाळी सातला पहिल्या गालावर फिरलेला आणि रात्री नऊला शेवटच्या. टॉवेलचे विचारूच नका.

या वाटेने एचआयव्ही होण्याची शक्यता फारच कमी. बी प्रकारच्या काविळीचा विषाणू मात्र चिवट असतो, वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस टिकतो. लहान मुलांच्या नियमित लसीकरणात ही लस देशभर २०११ पर्यंत पोचली. म्हणजे आज सलूनच्या खुर्चीत बसणाऱ्या बहुतेक प्रौढांनी ती घेतलेली नाही. रोज दिसणारे आजार याहून साधे आहेत. एक, स्टॅफिलोकोकसमुळे केसांच्या मुळाशी होणाऱ्या पुळ्या. दुसरा, दाढीतला नायटा. दाढीच्या केसांतली ही बुरशी डेव्हिड ग्रुबी यांनी पॅरिसमध्ये १८४२ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली होती. गाई-बैलांत वावरणाऱ्यांना ती जास्त होते आणि आपला जिल्हा तर जनावरांचाच. त्यावर मेडिकलवरचे स्टेरॉइड मलम लावले की खाज दोन दिवस थांबते आणि नायटा महिनाभर पसरतो. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांचे वेगळेच. कोपीवर एकच रेझर, एकच ब्लेड आणि चार-पाच जण. तिथे मी नवे साबण सांगत बसत नाही. ज्याचा त्याचा रेझर ठेवा, एवढेच सांगतो.

गेवराईच्या त्या तरुणाला आधी दोन आठवडे दाढी बंद करायला लावली, पुळ्यांवर औषध दिले आणि मग फेस शिकवला. पावसाचे साठवलेले पाणी असेल तर उत्तम, नाहीतर फिल्टरचे अर्धा पेला पुरते. तेही नसेल तर बोअरचे पाणी उकळून, निवळू देऊन वरचे घ्यावे, थोडा जडपणा खाली बसतो. ब्रश त्या कोमट पाण्यात दोन मिनिटे भिजवायचा, तोवर तोंड धुऊन ओले ठेवायचे. ब्रश हलकेच झटकून साबणावर अर्धा मिनिट गोल फिरवायचा, आपल्या पाण्याला थोडा जास्तच. मग वाटीत किंवा थेट गालावर, दर वेळी चार-पाच थेंब पाणी टाकत घोळायचा. घाई करणारे इथेच चुकतात. एकदम पाणी ओतले की फेस ओघळतो, कमी पडले की कोरडा, मोठ्या बुडबुड्यांचा राहतो. घट्ट दह्यासारखा, चमक असलेला आणि ब्रश उलटा धरला तरी न पडणारा फेस झाला की समजावे पाणी बरोबर बसले. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, दाब न देता पाते फिरवायचे. झाल्यावर ब्रश स्वच्छ धुऊन, झटकून, केस खाली करून वाऱ्यावर टांगायचा. ओला ब्रश डबीत बंद केला की बुरशीला घर मिळते. महिन्यातून एकदा लिंबू पिळलेल्या पाण्यात दहा मिनिटे बुडवला तर क्षारांचा पांढरा थर निघून जातो.

तो महिन्याभराने पुन्हा आला तेव्हा गळा साफ होता, दोन-तीन डाग राहिले होते. लग्नाच्या दिवशी दाढी मात्र गावच्या सलूनमध्येच होणार होती, घरच्यांची तशी रीत. मग त्याने सलूनवाल्या मामांना आधीच सांगून ठेवले होते, ब्रश माझा मी आणतो.