क्शिश्तोफ कोमेडा : पोलिश जॅझ आणि चित्रपटसंगीत

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये स्तालिनवादी राजवट दृढ झाली, तेव्हा जॅझ, म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी समाजात जन्मलेले आणि उत्स्फूर्त विस्तारावर उभे असलेले संगीत, भांडवलशाहीचे अपत्य ठरून सार्वजनिक व्यासपीठांवरून जवळपास हद्दपार झाले व खाजगी घरांतून तग धरून राहिले. पोझनान येथे 1931 साली जन्मलेले, बालपणीच्या पोलिओमुळे पायाने किंचित अधू झालेले क्शिश्तोफ त्शचिन्स्की याच वातावरणात घडले. पेशाने कान-नाक-घशाचे डॉक्टर असल्यामुळे रुग्णालयातील सहकाऱ्यांपासून जॅझचा नाद लपवण्यासाठी त्यांनी 'कोमेडा' हे नाव घेतले. स्तालिनच्या मृत्यूनंतर निर्बंध सैलावले आणि 1956 च्या सोपोत महोत्सवात त्यांचे षट्क, अर्थात सहा वादकांचा संच, प्रकाशात आले.

रोमान पोलान्स्की यांच्या 'नाइफ इन द वॉटर' (1962) या चित्रपटात त्यांचे पार्श्वसंगीत प्रसंगाची री ओढत नाही, तर नौकेवरील तीन पात्रांमधला अव्यक्त ताण स्वतंत्रपणे ऐकवते, आणि 'रोझमेरीज बेबी'मधील (1968) शब्दविरहित अंगाईत वात्सल्य व भय वेगळे काढता येत नाहीत. तरीही त्यांची खरी उंची डिसेंबर 1965 मध्ये वॉर्सात ध्वनिमुद्रित झालेल्या 'अॅस्टिग्मॅटिक'मध्ये दिसते, असे म्हणणे रास्त ठरेल. तोमाश स्तान्को यांचा ट्रम्पेट व झ्बिग्निएव्ह नामिस्वोव्स्की यांचा सॅक्सोफोन असलेल्या या संग्रहात केवळ तीन प्रदीर्घ रचना असून त्यांत अमेरिकी वळणाचे अनुकरण मागे पडले आहे. लॉस एंजेलिसमधील अपघातात मेंदूला इजा झाल्यानंतर बेशुद्धावस्थेतच त्यांना मायदेशी आणण्यात आले आणि एप्रिल 1969 मध्ये वॉर्सात त्यांचे निधन झाले.