तारलीच्या कारखान्यात अ‍ॅक्वेरियम

सुट्टीत आई-बाबांना कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरी बे अ‍ॅक्वेरियम दाखवलं. काचेमागे चमकणारा घोळका बघून मालवणची आई ओरडलीच, "ही तर आपली तारली रे!"

पण दाराजवळ जुने बॉयलर कशाला? तर इथे आधी होव्हडेन कॅनरी होती, तारली डब्यात भरायचा कारखाना. १९४० च्या दशकात धंदा जोरात होता. मग बेसुमार मासेमारी झाली, त्यात समुद्राचं तापमानही बदललं, आणि काही वर्षांतच जाळी रिकामी यायला लागली. १९७३ मध्ये होव्हडेनही बंद पडला. १९८४ मध्ये त्याच जागी हे अ‍ॅक्वेरियम उघडलं.

बाबा बॉयलरपाशी थांबले. म्हणाले, "आपल्याकडे असं झालं तर?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येतंय?